नागम्माच्या पाली

लातुरात क्लासच्या गल्लीला एक काळ असा आला, की घरांच्या भिंती दिसेनात, नुसते सरांचे फोटो. फिजिक्सचे सर, केमिस्ट्रीचे सर, बायोलॉजीचे सर, सगळे कोट घालून हसून राहिलेले. हदगावहून, मुदखेडहून, मुरुडहून आईबाप पोरीला घेऊन यायचे, रिक्षातून पेटी उतरवायचे आणि पहिल्या टपरीवर विचारायचे, "इथं पोरींसाठी चांगलं होस्टेल कोणतं?" टपरीवाला चहा गाळता गाळता सांगायचा, "शिवमूर्तीअप्पाचं. तिथं नागम्मा हाय."

म्हणजे बघा, इमारत अप्पाची, पाटी अप्पाची, आणि नाव मात्र नागम्माचं. उंच, हाडकुळी बाई. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात रुमालात बांधलेलं लिंग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. पोरींशी ती कधी गोड बोलल्याचं कुणाला आठवत नाही, पण पोरीला ताप आला की हिचंच जेवण सुटायचं. होस्टेलचे नियम पोरी सर्रास मोडायच्या. गच्चीवर चोरून मॅगी शिजवायच्या, घरी एक आणि मैत्रिणीला एक असं सांगून सिनेमाला जायच्या. नागम्मा शिव्यांची लाखोली वाहायची आणि संध्याकाळपर्यंत विसरायची. पण एक नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. पाल मारायची नाही. मारायची तर नाहीच, झाडूनं हुसकायचीसुद्धा नाही.

आणि पाली तरी काय थोड्या? वरच्या मजल्यावर एखाददुसरी, पण खालच्या मजल्यावर विचारूच नका. दिवेलागण झाली की छताच्या कडेनं, खिडकीच्या चौकटीमागून, कॅलेंडरच्या खालून एकेक बाहेर यायची आणि ट्यूबलाइटभोवती पंगत बसायची. नव्या पोरी किंचाळायच्या, आईला फोन करून रडायच्या. एका आईनं तर येऊन भांडण काढलं, की आम्ही पोरीला डॉक्टर करायला ठेवलंय, पालींना चारा म्हणून नाही. नागम्मानं तिला पाटावर बसवलं, पुढ्यात गरम भाकरी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, जिथं पाल हाय तिथं माणूस सुखरूप हाय. मी सांगून राहिले, तुमी आईका."

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला नुसती वेडी म्हणाल.

नागम्मा मूळची तेरणेकाठची. त्र्याण्णव साली जी गावं एका पहाटेत संपली, त्यांतल्या एका गावची. घर माळवदाचं. हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडं आणि लाकडांवर पांढऱ्या मातीचे थरावर थर. उन्हाळ्यात आत असं गार, की पाहुणे दुपारी उठायचं नाव घेत नसत. नवरा मलप्पा, लेक महानंदा, दारात एक म्हैस. गणपती बुडवायचा दिवस होता. तिन्हीसांजेला नागम्मा भिंतीतल्या देवळीत दिवा लावत होती आणि वरून पटकन तिच्या खांद्यावर पाल पडली.

पाल अंगावर पडली की अंघोळ करतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. नागम्माच्या सासरी नेम त्याहून कडक. अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी लिंगपूजा होईपर्यंत उंबऱ्याच्या आत पाठ टेकायची नाही. सासू जाऊन वर्षं झाली होती. मलप्पा हसला, म्हणाला, "कोण बघायलंय? झोप की आत." पण नागम्माचं मन धजेना. तिनं आंगणात बाज टाकली, ओले केस पसरून आडवी झाली. महानंदा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "मी बी येते तुझ्याजवळ." नागम्मा म्हणाली, "नको गं, दंव पडायलंय, बापाजवळ झोप जा."

पहाटे जमीन हलली. त्याचं वर्णन नागम्मानं कधी कुणाला केलं नाही, मीही करत नाही. धूळ खाली बसली तेव्हा बाज होती, म्हैस होती, आणि घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता.

पुढं पत्र्याचं शेड आलं, मग सरकारनं दिलेलं घर आलं, मग फोटो काढणारे आले. येणारा प्रत्येक जण विचारायचा, बाई, तुम्ही कशा वाचलात? नागम्मा सांगायची, पालीनं वाचवलं. सांगून सांगून ते तिला इतकं खरं झालं, की तेवढ्या एका गोष्टीवर ती जगली. नवरा गेला, लेक गेली, गाव गेलं. पण आपल्याला कुणीतरी मुद्दाम बाहेर काढलं, म्हणजे आपण जगावं असं कुणाला तरी वाटलं, एवढं तिच्या पदरात राहिलं होतं. ते काढून घेतलं तर तिच्याकडे काही उरत नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं शपथ घेतली, दगडाच्या घरात झोपायचं नाही. लातूरला काम शोधत आली तेव्हा शिवमूर्तीअप्पाच्या दारात उभी राहून तिनं पगाराचं विचारलंच नाही. भिंतीवर थाप मारली आणि म्हणाली, "ह्यात दगूड तर न्हाई ना?"

अप्पा हसला. "अगं बाई, सगळं शिमेट हाय. हात लावून बघ की."

तिनं हात लावला. गुळगुळीत, गार, निळ्या रंगाची भिंत. आणि त्याच वेळी छताच्या कोपऱ्यात एक पाल चुकचुकली. नागम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती शेडच्या बाहेर, पडवीत, झाडाखाली झोपत आली होती. त्या दिवशी ती त्या निळ्या भिंतीला पाठ लावून झोपली आणि गाढ झोपली.

तर अशी ही नागम्मा, आणि तिच्या राज्यात एका जूनमध्ये हुस्ना आली.

हुस्ना मुदखेडची. बापाचं स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहणारी ही पहिलीच. अंगानं चिमणीएवढी, पण जीभ धारदार. पहिल्याच संध्याकाळी तिला भिंतीवर पाल दिसली आणि तिनं पायातली चप्पल काढली. नागम्मानं तिचा हात वरच्या वर धरला.

"सोडा ना मावशी. आमच्यात पाल मारली तर सवाब मिळतो, पुण्य. नानी सांगते."

"मिळू दे. माझ्या घरात न्हाई मिळायचा."

"तुमचं घर कुठाय? अप्पांचं आहे."

नागम्मा तिच्याकडे बघत राहिली आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं. महानंदाही अशीच उलट बोलायची. दोघींचा तह ठरला. हुस्ना होस्टेलात पालीला हात लावणार नाही, सवाब सुट्टीत मुदखेडला जाऊन कमावेल. बदल्यात नागम्मा तिला भाकरीचा पहिला पापुद्रा देणार, चुलीवरून थेट.

त्या पापुद्र्यासाठी हुस्ना पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहायचं नाही, आणि नागम्माला भाकरी थापताना कान रिकामे ठेवायची सवय नव्हती. पुस्तक इंग्रजी, पण हुस्ना वाचून झालं की मराठीत सांगायची. सर शिकवतात ना, तसं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा आला तेव्हा नागम्मानं परातीतला हात थांबवला.

"म्हणजे साप, कासव, मगर आन् माझी पाल, एका घरची?"

"एकाच खानदानातली. ह्यांचे पूर्वज पाण्यात अंडी घालायचे. बेडकासारखी, नुसती मऊ. पाण्याबाहेर आली की वाळून मरायची. मग ह्यांनी काय केलं, अंड्याला वरून कवच घातलं आणि आतच पाणी भरून घेतलं. बाळ त्या पाण्यात वाढतं. म्हणून ह्यांना तळं सोडून कुठंही जाता आलं. वाळवंटात, डोंगरात, कुठंही."

"पाणी संगं घिऊन निघाल्या म्हण की." नागम्माला ते फार पटलं. शेडमध्ये राहायला जाताना तिनंही ढिगाऱ्यातून काढलेली एक घागरच तेवढी बरोबर नेली होती.

मग शेपटीचं आलं. पाल जिवावर बेतलं की शेपूट टाकून पळते हे नागम्माला माहीत होतं, पण पुढचं नव्हतं. हुस्नानं सांगितलं, "शेपूट नवी येते मावशी, पण तिच्यात पहिल्यासारखं हाड नसतं. वरून तशीच दिसते."

नागम्माच्या तव्यावरची भाकरी करपली, जे तिच्या हातून कधी होत नसे. शेवटी म्हणाली, "हाव. तसंच असतंय."

थंडी पडली तशा पाली दिसेनाशा झाल्या. दरवर्षी व्हायच्या आणि दरवर्षी नागम्माचा जीव खालीवर व्हायचा. हुस्नानं समजूत घातली. "त्यांच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. बाहेर गार तर त्याही गार. मग कुठंतरी खोल फटीत जाऊन पडून राहतात. ऊन तापलं की येतील."

"फटीत? शिमेटच्या भिंतीत फट कुठली?"

हुस्नानं खांदे उडवले. "काय माहीत. पेपरात ते विचारत नाहीत."

खरं तर तिथंच दोघींनी थांबून विचार करायला हवा होता. पण नागम्माला भाकऱ्या होत्या आणि हुस्नाला टेस्ट होती.

ऊन तापलं आणि पाली परत आल्या, तेव्हा पायांचं आलं. हुस्नानं काचेवर चढलेली पाल दाखवली आणि म्हणाली, "बोटांखाली बघा मावशी, घड्या दिसतात ना? त्या घड्यांवर केस असतात, डोळ्याला न दिसणारे, लाखांनी. ते भिंतीला असे बिलगतात की पाल उलटी लटकली तरी पडत नाही. सर म्हणाले, मेली तरी कधी कधी चिकटून राहते."

"पडत न्हाई? मग माझ्या अंगावर कशी पडली?" असं म्हणून नागम्मानं तिला ती तिन्हीसांज सांगितली. देवळी, दिवा, खांद्यावर आलेला तो गार लिबलिबीत स्पर्श. बाज. महानंदा उंबऱ्यात उभी.

हुस्नाच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. तिनं विचारलं, "नुसती पालच पडली का मावशी? एकटी?"

"एकटी कुठली? चुन्याची ह्येवढी खपली होती संगं. भिंतीनं नुसता पसारा केला माझ्या घरात. तशीच ओल्या लुगड्यानं झाडून काढली मी."

हुस्ना खाली बघत राहिली. मग म्हणाली, "हां. पडते कधी कधी. पाय घसरतो." आणि पुस्तक मिटून उठून गेली. नागम्माला वाटलं, पोरीला महानंदाचं ऐकून वाईट वाटलं. कोवळ्या मनाला असलं सांगू नये, असं म्हणत ती स्वतःलाच रागावली.

एप्रिलमध्ये अप्पानं तिसरा मजला काढला. पोरी मावत नव्हत्या, दारातून परत पाठवाव्या लागत होत्या, आणि आलेली लक्ष्मी परत पाठवणं त्याच्या जिवावर यायचं. वर ठोकाठोक सुरू झाली. नवीन पाण्याची टाकी बसली, ती गळायची. खालच्या भिंतीवर ओल उतरली, की अप्पा माणूस पाठवून निळा रंग मारून घ्यायचा. नागम्मा पोरींच्या कानांत कापसाचे बोळे घालायची आणि गवंड्यांना शिव्या द्यायची.

सीईटीच्या आदल्या दिवशी सकाळी हुस्ना खालच्या खोलीत, नागम्माच्या अंथरुणावर बसून उजळणी करत होती. वरती घण चालू होता. नागम्मा तिच्यासाठी कढीपत्ता तोडत उंबऱ्यात बसली होती. अशात वरून काहीतरी धप्पकन पडलं, आणि हुस्नाच्या खांद्यावरून घरंगळत पुस्तकावर आलं.

पाल. आणि पालीच्या पायांखाली बशीएवढा सिमेंटचा पोपडा.

नागम्मा कढीपत्ता टाकून धावली. "ऊठ, आधी ऊठ. मी पाणी ठेवते. डोक्यावरनं अंघोळ कर, आन् आज तू आत झोपायचं न्हाई."

पण हुस्ना उठली नाही. ती पालीकडे बघत होती. चारही पाय पसरून पाल त्या पोपड्याला घट्ट धरून होती, पोट धापत होतं, पण पाय सुटले नव्हते. मग एकदम भान येऊन ती सळकन निघून गेली. हुस्नानं पोपडा हातात घेतला, उलटा केला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, हिनं सोडलंच नव्हतं. भिंतीनं सोडलं."

नागम्मानं वर पाहिलं. निळ्या रंगात एक भगदाड पडलं होतं, आणि भगदाडातून विटा नाही, सिमेंट नाही, पांढरी माती भुरभुरत होती. ती स्टुलावर चढली. भगदाडात बोटं घातली. आत पालीची अंडी होती, छोटी, गोल, पांढरी, दगडाला चिकटलेली. दगडाला. तिनं हात अजून आत घातला, तर दगड हातात हलला. बोटांना लागलेली माती तिनं नाकाशी नेली.

तो वास तिला आंधळी असती तरी ओळखू आला असता. माळवदाचा वास. तिच्या घराचा.

ती स्टुलावरून उतरली की पडली हे तिला नंतर सांगता आलं नाही. कानांत वरचा घण चालूच होता. इतकी वर्षं आपण याच भिंतीला पाठ लावून झोपलो. आपण एकट्याच नाही, लोकांच्या लेकी झोपवल्या. पाली आपल्यामागं आल्या असं आपण सगळ्यांना सांगत सुटलो, आणि त्या इथं होत्या, कारण त्यांना राहायला पोकळ भिंत होती. थंडीत त्या कुठं जातात हे विचारलं होतं आपण. विचारून भाकऱ्या थापत बसलो.

मग नागम्मा ओरडली. गल्लीनं तिचे आवाज पुष्कळ ऐकले होते, पण असा नाही. घण थांबला. पोरी वह्या-पुस्तकं छातीशी धरून जिन्यावरून धावत उतरल्या. कुणी अंघोळीतून ओल्या केसांनी आली, कुणी अनवाणी. एक पोर पेटी घ्यायला मागं वळली, तिला नागम्मानं दंडाला धरून ओढत रस्त्यावर आणलं. शेवटची पोर बाहेर आली तेव्हा तिनं दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि कुलपाला पाठ लावून उभी राहिली.

अप्पा गल्लीतल्या आपल्या दुकानातून धावत आला. आधी चिडला. "उद्या परीक्षा हाय पोरींची. आईबापांचे फोन येतील. एक पोपडा पडला तर सगळी गल्ली गोळा केलीस व्हय?"

"अप्पा, आत दगूड हाय."

अप्पा इकडंतिकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "खालचा मजला वडलांचा हाय. त्यांनी दगडमातीत बांधलेला. भूकंपानंतर सगळ्यांनीच केलं तसं केलं गं, वरनं चांगलं जाड शिमेट चढवून घेतलं. शिमेट चढलं म्हणजे भिंत पक्कीच झाली की. माझी बायका-पोरं बी मागच्या खोलीत झोपत्यात, मी काय त्यांना मारायला ठेवलंय?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच भयंकर गोष्ट होती. त्याला खरंच तसं वाटत होतं. जिल्ह्यात अजून किती जणांना तसं वाटत असेल, असं नागम्माच्या मनात आलं. ती म्हणाली, "तुमच्या बी लेकरांला बाहेर काढा. मी किल्ली देणार न्हाई. पोलीस आणा, न्हाईतर मला मारून घ्या."

अप्पानं पोलीस आणले नाहीत. तो स्वतः मागल्या दारानं जाऊन बायको-पोरांना घेऊन आला. शेजारच्या मंगल कार्यालयाचा हॉल त्यानंच मोकळा करून घेतला. पोरी तिथं लग्नाच्या गाद्यांवर पुस्तकं पसरून बसल्या. हुस्ना कोपऱ्यात बसली होती, पण तिचं पान उलटत नव्हतं. नागम्मा जवळ गेली की ती पुस्तकात डोकं घालायची. नागम्माला वाटलं, घाबरली पोर.

दुसऱ्या दिवशी पोरी परीक्षेला गेल्या. अप्पानं एक इंजिनिअर आणला. त्यानं भिंतीवर हातोडीनं दोन-चार जागी ठोकून पाहिलं आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. एका मजुरानं लांबून, त्या भगदाडात पहार घालून नुसती हलवली. नुसती हलवली हो, घाव नाही घातला. भिंतीचं पोट फुटल्यासारखी आतली माती भसाभसा खाली आली, मग दगड, आणि मग ती अख्खी निळी भिंत, वरच्या मजल्याची एक बाजू घेऊन, नागम्माच्या अंथरुणावर बसली.

धुळीतून पाली निघाल्या. कितीतरी. रस्त्यावर उन्हात येऊन थबकल्या, डोकी वर करून बघत राहिल्या आणि शेजारच्या घरांच्या भिंतींवर चढून गेल्या. बऱ्याच जणींना शेपट्या नव्हत्या. अप्पा मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. लोक नागम्माच्या पाया पडले. कुणीतरी म्हणालं, पालीनं पुन्हा वाचवलं हो हिला.

नागम्माला ते ऐकू आलं, आणि तिथं उभ्या उभ्या तिला काय कळायचं ते कळलं. पोपडा हातात घेतल्यावर हुस्नाचा चेहरा का पांढरा पडला, स्वयंपाकघरात ती पोर पुस्तक मिटून का उठून गेली, तेही. पाल सोडत नाही. तेव्हाही तिनं सोडलं नव्हतं, घराच्या भिंतीनं सोडलं होतं.

हुस्ना पेपर देऊन आली तेव्हा नागम्मा मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात ताट झाकून ठेवलेलं. तिनं पेपर कसा गेला ते विचारलं नाही.

"तुला तवाच कळलं होतं न्हवं? मी खपलीचं बोलले तवा."

हुस्नानं मान खाली घातली. म्हणाली, "हो."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्याजवळ तेवढंच होतं मावशी. मला वाटलं, तुमची पाल तुमच्याजवळ राहू द्यावी. ही भिंतही तसलीच असेल हे मला सुचलंच नाही. अल्ला कसम, नाही सुचलं."

नागम्मानं तिला जवळ ओढलं, डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली. समोर जेसीबी दगड उचलत होता आणि पांढरी धूळ गल्लीभर सरांच्या फोटोंवर बसत होती. नागम्माचे डोळे कोरडे होते. ती बोलली तेव्हा हुस्नाशी बोलत होती की आणखी कुणाशी, ते कळत नव्हतं.

"भिंत सुटायली म्हणून पाल सांगत होती मला. मी केर समजून झाडून काढलं. आन् लेकरू उंबऱ्यात येऊन उभं राहिलं, तर आत झोप म्हणलं. हाक मारली असती तर आली असती गं. महानंदा एका हाकेत यायची."

हुस्ना तशीच पडून राहिली. ताटातली भाकरी दोघींपैकी कुणीच खाल्ली नाही.